शनिवारची भवानी

“ताई, तुमची वरात घेऊन पुढे व्हा,” वसंतशेठ म्हणाले आणि माझ्या चौदा पाहुण्यांच्या तोंडावर त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

सकाळचे सव्वानऊ. ठाण्याचा जुना बाजार, जांभळी नाक्याजवळची मसाल्याची गल्ली. माझ्या कानाला माइक, हातात लाल झेंडी आणि तोंडात अर्धवट वाक्य : “या दुकानाचं वैशिष्ट्य असं की...” वैशिष्ट्य शटरमागे गेलेलं होतं. पाहुणे माझ्याकडे बघत होते. मी हसले, “चला, पुढच्या स्टॉपला जाऊ,” म्हणाले आणि पुढचे दोन तास इतिहास सांगत राहिले.

मी हेरिटेज वॉक घेते. म्हणजे लोकांना जुन्या शहरातून पायी फिरवते आणि फिरवता फिरवता गोष्टी सांगते. जिथे थांबून बोलायचं, त्या जागेला आम्ही स्टॉप म्हणतो. त्याआधी पंधरा वर्षं मी स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचे. लोक आपापल्या फोनवर तिकिटं काढायला लागले आणि एजन्सी बंद पडली. डोंबिवलीच्या सावंत सरांची छोटी टूर कंपनी आहे, त्यांनी मला घेतलं. त्यांचे बाकीचे वॉक त्यांनीच आखलेले, पण ठाणे बाजार वॉक माझा. आठ महिने मी तो बाजार पायाखाली घातला होता. कुठली आळी कशी वसली, खाडीतून माल कुठे उतरायचा, कुठल्या दुकानाचं लाकूडकाम मूळचं आहे, सगळं स्वतः शोधून काढलेलं. वेबसाइटवर त्या वॉकखाली ‘संकल्पना : ज्योती’ असं लिहून आलं, तेव्हा मी तो स्क्रीनशॉट सगळ्या नातेवाइकांना पाठवलेला. आयुष्यात पहिल्यांदा कशाखाली तरी माझं नाव लागलं होतं.

आणि आता तोच वॉक बाजाराला नकोसा झाला होता. पहिल्या शनिवारी दुकानदार नुसते गप्प होते. दुसऱ्या शनिवारी एकाने आम्ही पायरीवर उभे असतानाच पायरी धुवायला काढली. तिसऱ्या शनिवारी शटर.

त्या संध्याकाळी सावंत सरांचा फोन आला. एका पाहुण्याने रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं, ‘बाजार सुंदर, बाजारातली माणसं तुसडी.’

“ज्योती, पुढच्या शनिवारी वागळे इस्टेटच्या कंपनीची ट्रायल आहे,” सर म्हणाले. “त्यांच्या एचआर मॅडम स्वतः येतायत. आवडलं तर वर्षभर दर महिन्याला एक बॅच. आणि पुन्हा कुणी शटर ओढलं ना, तर मी हा वॉक काढून टाकणार. त्याऐवजी तलावपाळीला खाऊगल्ली वॉक करू. सोपा आहे. लोक खातात, खूश होतात.”

“सर, हा वॉक मी बांधलाय.”

“म्हणून तर आठवडा देतोय.”

आठवडा! मी रागाने वही काढली आणि काय काय चुकत असेल ते लिहायला बसले. फोटो? ते तर आम्ही विचारूनच काढायचो. आवाज? सगळ्यांच्या कानात हेडसेट, मी जवळजवळ कुजबुजतच बोलते. दारात गर्दी? गिऱ्हाईक आलं की मी लोकांना बाजूला घ्यायचे. मग दुखतंय कुठे? उलट या दुकानांचं मी कौतुकच करत होते. असं डोकं फिरलं होतं की नवऱ्याने दोनदा विचारलं, चहा टाकू का.

आमच्या धंद्यात नवा रस्ता आखताना आधी एकट्याने फिरून यायचं असतं, त्याला रेकी म्हणतात. मी रेकी केल्या होत्या, पण सगळ्या दुपारी. घरचं आवरून कोपरीहून पूल ओलांडून यायला मला बारा वाजायचे. बुधवारी मी पहिल्यांदा सकाळी साडेआठला गेले. बिल्ला नाही, झेंडी नाही. वसंतशेठच्या समोर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकड्यावर बसले आणि बघत राहिले.

शटरं वर गेली. झाडलोट, उदबत्ती. मग सगळे नुसते बसून. पावणेनऊ, नऊ. एक माणूस वसंतशेठकडे आला, जायफळ हातात घेतलं, भाव विचारला, परत ठेवलं आणि वळला. वसंतशेठ चक्क गल्ल्यावरून उठून त्याच्या मागे पायरीपर्यंत आले.

“अहो, असं जाऊ नका. पाच रुपये कमी द्या, पण घ्या. भवानी व्हायचीय माझी!”

माणूस परतला, जायफळ घेतलं. वसंतशेठनी नोट कपाळाला लावली, मग तराजूला टेकवली, मग गल्ल्यात टाकली. आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला तो ओळखूच येईना.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. शब्द मला काय नवा नव्हता. पण आमच्या बौद्ध घरात शकुन-अपशकुन कधी चालले नाहीत, मुहूर्त शब्द काढला तरी बाबा चिडायचे. भाजीवाला ‘भवानी करा’ म्हणाला की आम्हाला वाटायचं, हा माल खपवायचा डायलॉग. त्या बाकड्यावर बसून मी आमच्या शनिवारांचा हिशोब लावला आणि मला कानकोंडं झालं. सव्वानऊला मी चौदा माणसं आणत होते. ती दालचिनी हातात घ्यायची, वास घ्यायची, “हाऊ मच?” विचारायची, फोटो काढायची आणि एकही जण काही न घेता निघून जायचा. पहिल्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर दिवस खराब जातो असं मानणाऱ्या माणसाकडे मी एका वेळी चौदा पाठी फिरवत होते. तेही तीन शनिवार!

चहा अर्धा टाकून मी रस्ता ओलांडला.

“शेठ, चूक झाली. मला कळलंच नाही.”

वसंतशेठनी चष्म्यावरून बघितलं. “काय कळलं नाही?”

“भवानीच्या आधी येत होतो आम्ही.”

त्यांनी चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला. म्हणाले, “गेल्या शनिवारी तुम्ही गेलात आणि दुपारपर्यंत दुकान बसलं. माझा मुलगा म्हणतो, पप्पा, योगायोग असतो. असेल! पण ताई, सकाळच्या पहिल्या फोनवर तुम्हाला कुणी ‘नाही’ म्हटलं, तर बाकीचे फोन तुम्ही कुठल्या तोंडाने करता?”

एजन्सीत असताना पहिलं तिकीट रद्द करायचं निघालं की माझाही अख्खा दिवस वाकडा जायचा. मला उगाच रडू आल्यासारखं झालं.

वॉक अकराला नेणं सोपं होतं. पण अकराला गल्लीत टेम्पो घुसतात, उभं राहायला जागा उरत नाही. शिवाय कंपनीला नऊचीच वेळ दिलेली. मी म्हटलं, “शेठ, शनिवारी बारा जण येणारेत. बारा जणांनी बारा दुकानांची भवानी केली तर?”

ते पहिल्यांदा हसले. “भवानी म्हणजे गंमत नाही हां. घासाघीस करायची नाही. हातात घेतलं की परत ठेवायचं नाही. आणि पैसे रोख. स्कॅन मी नंतर दिवसभर घेतो. पण भवानीला? कपाळाला काय लावू, फोन?”

“चालेल. आणि तुमच्या दुकानात?”

“माझं बघू,” म्हणाले आणि वेलची निवडायला लागले.

गुरुवार-शुक्रवार मी गल्ली पिंजून काढली. पूजेचं सामान, सुकामेवा, सुतळी-दोर, किराणा. वसंतशेठशी बोलून आलेय म्हटल्यावर एकेक जण तयार झाला. शुक्रवारी पाहुण्यांना मेसेज टाकला : आरामशीर बूट, टोपी, पाण्याची बाटली.

शनिवारी नऊ वाजता तलावपाळीच्या देवळापाशी बारा जण हजर. सगळ्यांच्या गळ्यात कंपनीचे पट्टे. एचआर मॅडमचं नाव मृण्मयी, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हातात टॅब आणि टॅबवर मार्कांचा तक्ता. मी नियम समजावले, सगळ्यांना जाम मजा वाटली. मग विचारलं, “रोख कुणाकुणाकडे आहे?”

दोन हात वर आले. बारातले दोन!

मेसेजमध्ये टोपी आठवली होती मला, नोटा नाही. धावत एटीएम गाठलं. त्यातून निघाली पाचशेची नोट. आता पाचशेची नोट भवानीला घेऊन जाणं म्हणजे आगीत तेल. गल्ल्यात सकाळी सुट्टे नसतात, आणि पहिल्याच विक्रीला गल्ल्यातून पैसे बाहेर काढायचे म्हणजे आणखीच अपशकुन. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि टॅबवर काहीतरी लिहिलं.

आणि तेव्हा डोकं चाललं. ज्यांची भवानी अजून व्हायचीय, त्यांच्याकडे सुट्टे मागायचे नाहीत. मग ज्यांची केव्हाच झालीय त्यांच्याकडे? देवळाबाहेर जनाबाय बसते, कशेळीहून येणारी, फुलं विकणारी. काकडआरतीच्या आधी तिची पाटी लागलेली असते.

“जनाबाय, पाचशेचे दहा-दहा मिळतील? तुझी भवानी झाली ना?”

“माजी कवाच झाली गो, पाच वाजता,” ती म्हणाली आणि कमरेची पिशवी सोडली. “घे. दाच्या नोटांचा मना लय वजन झालाय.”

दहा जणांच्या हातात पन्नास-पन्नास रुपये ठेवले. “मला नंतर फोनवर पाठवा,” म्हटलं आणि झेंडी वर केली. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्टॉप, इतिहास, लाकूडकाम काही न बोलता लोकांना गल्लीत सोडलं. एक दुकान, एक माणूस.

गल्ली बघण्यासारखी झाली होती. कुणी हळकुंडं घेतंय, कुणी कापूर, कुणी सुतळीचा गुंडा. ज्या मुलीने आयुष्यात शिकेकाई बघितली नव्हती, ती शिकेकाईच्या पुडीला दोन्ही हातांनी धरून उभी. दुकानदार नोटा कपाळाला लावतायत आणि पाहुण्यांना बसायला स्टूल देतायत. तेवढ्यात सुक्या मेव्याच्या दुकानातून बारा जणांतल्या रोहनचा आवाज आला, “काका, पन्नासला थोडे जास्त द्या ना. शेजारी तर स्वस्त आहे.”

दुकानदाराचा हात तराजूवर थांबला. सुतळीवाल्याने वळून बघितलं. मी तिकडे धावणार, इतक्यात मृण्मयी मॅडम गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडल्या, “रोहन, गप रे! भवानी आहे ना त्यांची!”

“सॉरी काका, सॉरी. सवय आहे. मम्मीने लावलीय,” रोहन म्हणाला. काका हसले आणि त्यांनी आपणहून चार बदाम वर टाकले. मी भिंतीला टेकून श्वास घेतला.

राहिलं वसंतशेठचं दुकान. शटर अर्धंच वर. मॅडम स्वतः गेल्या, वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, “शेठ, पन्नास रुपयांचं दगडफूल द्या. ते काय असतं मला माहीत नाही, पण आई गोड्या मसाल्यात घालते.”

वसंतशेठनी पुडी बांधली. नोट कपाळाला, नोट तराजूला. मग उठले आणि शटर पार वरपर्यंत ढकललं.

“या सगळे आत. ताई, तुम्हीपण.”

पुढची वीस मिनिटं ते बोलले. आजोबांच्या हातच्या चिठ्ठ्या लावलेले लाकडी खण त्यांनी एकेक करून उघडले. दगडफुलात भेसळ कशी ओळखायची, खरी दालचिनी चघळल्यावर कशी लागते, लग्नसराईत त्यांची आई रात्रंदिवस कसा मसाला कुटायची आणि शेजारची लहान पोरं शिंकून कशी बेजार व्हायची. आठ महिने शोधूनही यातलं अर्धं मला मिळालेलं नव्हतं. मी माइक बंद केला आणि पाहुण्यांमध्ये उभी राहून ऐकलं. मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही.

निघताना मॅडमनी टॅब बॅगेत टाकला. “मार्क द्यायचे विसरलेच,” म्हणाल्या. “वर्षभराचं बुक करते. पण भवानी हवीच हां.” दुपारी सावंत सरांचा फोन. ते फक्त “वा, वा, वा” म्हणत होते. खाऊगल्लीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. काढला असता तर जरा ऐकवलं असतं.

आता उलटी भांडणं आहेत. “आमच्याकडे दोन शनिवार कुणी आलं नाही” म्हणून पूजेच्या सामानवाले रुसतात. मला पाळ्या लावाव्या लागतात.

मागे एका शनिवारी मला ताप होता, वॉक रद्द केला. सव्वानऊला फोन वाजला. वसंतशेठ.

“ताई, कुठे आहात? सगळे वाट बघतायत.”

“शेठ, तापाने फणफणलेय.”

“अरे! काळजी घ्या.” थोडं थांबून म्हणाले, “मग आज भवानी कोण करणार?”

मी नवऱ्याला पिशवी आणि दहाच्या नोटा देऊन पाठवलं. घासाघीस करू नकोस, असं दोनदा बजावलं. तो सुतळी, कापूर आणि किलोभर मोहरी घेऊन आला. आमच्या घरात मोहरी आता दिवाळीपर्यंत पुरेल.

गाइडच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, पाहुण्यांना वेळेवर आणा. वेळ कुणाची, ते शिकवत नाहीत. ते ज्याच्या दारात उभं राहायचंय, त्यालाच विचारावं लागतं. मी ते आठ महिने विचारलं नाही, आणि स्वतःला बाजाराची जाणकार म्हणवून घेत होते.