ग गाठीचा, ग गंगाखेडचा

डॉ. शकुंतलाबाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी फजितीच. चुडाव्याहून गाडीने परभणीला आलो होतो. अंगात नवा सदरा, हातात एम.एस्सी.ची गुणपत्रिका आणि डोक्यात हवा. महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला बाईंची प्रयोगशाळा. पीएच.डी.साठी मला घ्या, म्हटलं. बाईंनी गुणपत्रिका पालथी घातली आणि विचारलं, "काय काय येतं?" मी ऐटीत म्हणालो, "सगळं येतं." "मग माझ्याकडं कशाला आलास बाबा?" शेजारच्या दोघी विद्यार्थिनी तोंडाला ओढणी लावून हसल्या. घेतलं त्यांनी मला, पण पहिले दोन महिने फक्त नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लावल्या. लय राग आला होता तेव्हा.

बाई मूळच्या राणीसावरगावच्या. शिकायला लांब गेल्या, तिथे चांगली नोकरी मिळत होती ती सोडून परत आल्या. का आलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "गाठी काय मोठ्या शहरातच होतात का रे?" आणि सूक्ष्मदर्शकात पुन्हा डोळा घातला.

बाईंचं सगळं काम एका जनुकाभोवती आहे. पेशींना भलतंच वाढू न देणारं हे जनुक. कर्करोगाच्या गाठीत ते नीट काम करत नाही, हे ठाऊक होतं. का करत नाही, हा बाईंचा प्रश्न. त्यांना दिसलं ते असं, की जनुकाची मोडतोड झालेली नसते. अक्षरन् अक्षर शाबूत असतं. त्यावर काही रासायनिक खुणा येऊन बसतात आणि पेशी ते वाचायचंच सोडून देते. आम्हाला हे समजायला सहा महिने लागले. बाईंनी ते येलदरीकडच्या एका मावशींना चहा संपायच्या आत समजावलं.

या मावशींची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांच्या गाठीचा तुकडा त्यांच्याच संमतीने आमच्याकडे आला होता. एके दिवशी त्या मुलीला घेऊन सरळ प्रयोगशाळेत आल्या. "माझी गाठ तुमच्याकडं हाय म्हणं. काय निघालं तिच्यात?" मी म्हणणार होतो, पेशंटनी इकडे यायचं नसतं. बाईंनी खुर्ची ओढली. "राखण करणारं एक जनुक असतंय मावशी. ते मेलेलं न्हाई, त्याला गप बसवलंय. कुणी बसवलं ते आमी शोधायलाव." मावशींनी कप खाली ठेवला. "मंग माझ्या पोरीला बी हुईल का?" बाई म्हणाल्या, "ते माझ्या कामातून सांगता येत न्हाई. खोटं कशाला सांगू? पण ज्यांना सांगता येतं त्यांच्याकडं तुमाला घेऊन जाते." आणि त्याच दिवशी दोघींना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या मुलीला धीर येईपर्यंत तिकडेच बसल्या.

आता जे लिहायला मी बाईंच्या गौरवग्रंथातला हा लेख मागून घेतला, ते लिहितो.

प्रत्येक रुग्णाचे दोन तुकडे आमच्याकडे यायचे, एक गाठीचा आणि एक तिच्या शेजारच्या निरोगी भागाचा. गाठीच्या नळीवर आम्ही 'ग' लिहायचो, निरोगीवर 'नि'. गंगाखेडच्या एका शिबिरातून आलेल्या डब्यात मात्र सगळ्याच नळ्यांवर 'ग' होता. पाठवणाऱ्याने आपल्या गावाचं पहिलं अक्षर टाकलं होतं, आणि कुठली नळी कशाची ते सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद मी फाइलला लावला. वाचला नाही. निरोगी तुकडे आलेच नाहीत असं समजून सगळ्या नळ्या गाठीच्या धरल्या आणि जनुक किती बोलतं ते मोजलं.

मोजणीत काही गाठींत जनुक गप्प आणि काही गाठींत चांगलं बोलतं निघालं. म्हणजे गाठीच दोन प्रकारच्या! त्यावर नियतकालिकात आमचा लेख छापून आला, बाईंना कुठून कुठून बोलावणी आली, मी गावाकडे पेढे वाटले. आमचा तो दुसरा प्रकार म्हणजे गंगाखेडचे निरोगी तुकडे होते.

पुढे प्रबंध बांधायला देण्याच्या आठवड्यात फाइल चाळताना तो कागद हाताला लागला. या वेळी वाचला. प्रबंधाचं अर्धं काम त्या लेखावर उभं होतं आणि एका महाविद्यालयातली नोकरी पदवीसाठी अडली होती. तीन दिवस तो कागद खिशात घालून फिरलो. फाडून टाकावा असं वाटलं, अगदी खरं सांगतो. चौथ्या दिवशी दुपारी बाई डबा खात होत्या, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवला.

बाईंनी तो दोनदा वाचला. "जेवलास का?" "नाही." "आधी जेव." अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मग लेख मागे घेतो असं पत्र नियतकालिकाला लिहायला बसल्या. मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे, तसंच लिहा." त्या उसळल्याच. "लेखावर पहिलं नाव कुणाचं हाय? नळ्या मी का बघितल्या न्हाईत? जिम्मा माझा हाय. तू गप मोजायला लाग, पहिल्या नळीपासून."

विभागप्रमुखपद त्याच महिन्यात ठरायचं होतं. ते बाईंना मिळालं नाही. लोक दबक्या आवाजात बोलायचे आणि बाई दिसल्या की पांगायचे. वर्षभर आम्ही सगळं पुन्हा मोजलं. गाठी एकाच प्रकारच्या निघाल्या, जवळपास सगळ्यांत जनुक गप्प. नवा लेख साधा होता, त्यात धक्कादायक काही नव्हतं. आज बाहेरचे संशोधक आधार घेतात तो याच लेखाचा.

मला पदवी मिळाली. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, "मागे घेतलेल्या लेखात तुमचा भाग किती?" मी म्हणालो, "नमुने बाईंच्या देखरेखीखाली होते." वाक्य खोटं नव्हतं. पण त्या एका वाक्याची मला इतकी वर्षं लाज वाटत आली आहे. बाईंना ते कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी मला त्यावरून कधी छेडलं नाही. माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला वाढायला मात्र उभ्या होत्या.

या ग्रंथासाठी बाईंच्या लेखांची यादी मी केली. मागे घेतलेला तो लेख वगळला. बाईंच्या अमृतमहोत्सवात ते कशाला, असं स्वतःला समजावलं. यादी बाईंकडे तपासायला दिली तर परत आली ती एका वाढीव ओळीसकट. लेखाचं नाव, पुढे बाईंच्या ठसठशीत अक्षरात: 'मागे घेतला. चूक माझी.'

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, तेही धडधाकट. गुडघे कुरकुरू नयेत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, आणि आमच्या वह्या तुमच्या हातून तपासल्या जावोत, हीच आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासून प्रार्थना. ग्रंथ हातात पडल्यावर तुम्ही मला चांगलंच फैलावर घ्याल, त्याची तयारी ठेवली आहे. संपादकांना मात्र हात जोडून एकच विनंती. बाईंनी लिहिलेले ते शब्द जसेच्या तसे छापा, फक्त त्यांच्याखाली सही माझी घ्या.