शेडमधला धूर गेला तेव्हा

माझं माहेर उंब्रजचं. आयटीआयला मी वेल्डरच्या ट्रेडला नाव घातलं तेव्हा वर्गात मुलगी अशी मी एकटीच होते. लग्न होऊन सांगलीला आले. नवरा लष्करात, त्यामुळे घरी सासूबाई आणि मी. माधवनगरजवळच्या एका शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या तयार होत, तिथं मला काम मिळालं.

तिथं हातात खरी कला दिली ती चाचांनी. तिथले सगळ्यात जुने वेल्डर ते. माझ्या मागं उभं राहून हळू आवाजात सांगायचे, "घाई करू नगंस पोरी. लोखंड वितळलं की तेच सांगतं, आता फुडं सरक म्हणून."

काम मला मनापासून आवडायचं. धूर मात्र सोसायचा नाही. छताजवळ एक पंखा होता. तो धूर ओढायचा, पण आधी आमच्या नाकासमोरून नेऊन. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. गूळ खाल्ला की धूर छातीत बसत नाही, असं सगळे मानायचे. चाचा दिवसभर गुळाचा खडा चघळायचे आणि दिवसभर खोकायचे.

मग मला दिवस गेले. विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंनी काम काय करता ते विचारलं आणि सरळ सांगितलं, "आता त्या धुरात जायचं नाही." मी हेल्मेट चाचांच्या हातात देऊन घरी आले. मुलगी झाली, रांगायला लागली, चालायला लागली. परत जायचं धाडस होईना. बाजारात जाता-येता लोकांच्या गेटांचे सांधे बघायची, मनातल्या मनात चुका काढायची आणि पुढं जायची. तेवढंच माझं वेल्डिंग उरलं होतं.

एका रविवारी चाचा घरी आले. चहा पुढं येईपर्यंतही त्यांना दम धरवेना.

"आवं आक्का," ते सासूबाईंना म्हणाले, "मालकानं वेल्डिंगचा रोबो आणलाय. हात हाय, पर अक्कल आपण घालायची. मला म्हणाले, चाचा तुमी शिका. माझ्या डोळ्यांना त्याच्या पडद्यावरची बारकी अक्षरं दिसत न्हाईत. मी तुमच्या सूनबाईचं नाव घेतलं."

"आन् धूर?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी येऊन बघू द्या की तिला."

दुसऱ्या दिवशी गेले. दारातच थबकले. पलीकडची भिंत फिकट हिरव्या रंगाची होती, आणि इतकी वर्षं तिथं काम करून मला ते माहीत नव्हतं. एका कोपऱ्यात जाड पडद्यांच्या खोलीत रोबोचा हात, त्याच्यावर मोठं झाकण आणि झाकणातून बाहेर जाणारी नळी. हातानं वेल्डिंग करायच्या टेबलांवरही हत्तीच्या सोंडेसारख्या नळ्या वाकवून ठेवलेल्या. ठिणगी पडली की धूर वर चढायच्या आतच सोंडेत शिरायचा.

माणसं मात्र गप्प गप्प होती. आपलं काम जाणार, ही धास्ती. दोघंजण दुसरीकडे गेलेही. मालकांनी बाकीच्यांना सांगितलं, सरळ लांब सांधे रोबो करील, वाकडेतिकडे तुमच्याकडेच. आजवर तरी त्यांनी शब्द पाळलाय.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं मला रोबोला वाट शिकवायची, बारक्या पडद्याची आणि बटणांची पाटी हातात दिली. बटणं दाबून हात एका जागेवर न्यायचा, ती जागा नोंदवायची, मग पुढची. पहिल्या दिवशी रोबोनं पत्र्याला भोकच पाडलं. माझे डोळे भरून आले. चाचा हसले, "तुझ्या पहिल्या पत्र्याला किती भोकं हुती? त्याला बी शिकू दे की गड्या!" मग आम्ही तिघं खाली वाकलो. इंजिनिअर वेग आणि करंट बदलत होता, चाचा टोक किती कलतं ठेवायचं ते हातानं दाखवत होते, मी ते पाटीवर उतरवत होते. दुपारनंतर एक सांधा सरळ, एकसारखा उठला. गार झाल्यावर चाचांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

शनिवारी धूर गाळायच्या यंत्राचा डबा रिकामा करायचा असतो. पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यात राखाडी, मऊ भुकटी. चाचांनी ती चिमटीत धरून बघितली. "ह्ये सगळं आदी आपल्या छातीत जात हुतं," ते म्हणाले. त्यांचा खोकला गेला नाही. डॉक्टर म्हणाले, झालं ते भरून येणार नाही, वाढायचं थांबेल. पण आता बोलता बोलता त्यांना मध्ये थांबावं लागत नाही.

खंडेनवमीला सासूबाई नातीला घेऊन शेडमध्ये आल्या. रोबोच्या हाताला झेंडूचा हार, हळदीकुंकू. सगळ्यांना काम दिसावं म्हणून मालकांनी मला रोबोकडून एक सांधा करून दाखवायला सांगितलं. पोरगी मला बिलगली, मी धरलेल्या काळ्या काचेतून बघत राहिली. सासूबाईंनी हवा हुंगली, पुन्हा हुंगली.

"अगं, आमच्या चुलीपेक्षा हितं धूर कमी हाय!"

परसातल्या चुलीवर आमचं आंघोळीचं पाणी तापतं. गॅसवरचं पाणी त्यांना पाणीच वाटत नाही. पहाटे डोळे चोळत फुंकणीनं जाळ करतात.

"मग मला का न्हाई एक सोंड?" त्या चाचांकडे वळून म्हणाल्या.

चाचा हसले, पण पुढच्या रविवारी उरलेल्या पत्र्याचं धुराडं घेऊन हजर. आदल्या दिवशी शेडमध्ये अर्धे सांधे त्यांनी घातले होते, अर्धे मी. चुलीवर बसवलं तर थोडं तिरकं बसलं. सरळ करायला गेलो, तर सासूबाई म्हणाल्या, "र्‍हाऊ दे रं भावा, धूर काय सरळच जातोय व्हय?" आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं, त्याच चुलीवर.