ठिपका

माझा हात कापायला लागला तेव्हा मी देवाला सोडून सगळ्यांना दोष दिला. डॉक्टरच्या गोळ्यांना, वयाला, कारखान्यातल्या ओलीला. देवाची पाळी शेवटी आली, पण आली तेव्हा चांगलीच आली. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात मी लग्न होऊन आल्यापासून डोळ्यांची आखणी करते. माती, साचे, रंग सगळं इतरांनी करायचं आणि शेवटी कुंचला माझ्याकडे यायचा. किती गणपतींना मी नजर दिली ते त्यालाच ठाऊक. आणि त्यानं माझाच हात काढून घ्यावा? देवघरासमोर उभी राहून मी त्याला सरळ म्हटलं होतं, इतक्यांदा तुझे डोळे उघडले, तू एकदा तरी माझ्याकडे बघितलंस का?

हात जाण्याचं दुःख होतंच, पण खरी आग वेगळी होती. कारखान्याच्या शेठनी आखणीचं काम माझ्या धाकट्या जावेला, वैशालीला दिलं. रोह्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा कुंचला कुठून धरायचा हे तिला माहीत नव्हतं, मीच शिकवलं. आता कारखान्यात जो तो तिचं कौतुक करायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. ती हसली तरी डोळ्यांत खुपायची, गप्प बसली तरी वाटायचं, शिष्ट झाली बघ मेली.

तिच्या कामात एक चूक होती. बुबुळ काळं झालं की त्यात पांढरा ठिपका टाकतात, त्याशिवाय नजर जिवंत होत नाही. हा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला यायला हवा. वैशाली मात्र दोन्ही ठिपके नाकाच्या बाजूला टाकायची, आरशात बघितल्यासारखे समोरासमोर. मला सासऱ्यांनी हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. घरगुती लहान मूर्तींत कोणाच्या लक्षात येत नव्हतं. पण परदेशातल्या एका मंडळाची मोठी मूर्ती उन्हाळ्यातच पेटीत भरून जायची होती आणि तिची आखणी सोमवारी होती. एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर ते ठिपके पडले की गणपती तिरळा दिसणार, शेठ भडकणार आणि कुंचला तिच्या हातातून जाणार. मला सगळं दिसत होतं. मी सोमवारची वाट बघत होते.

त्या आधीच्या रविवारी वैशालीच्या माहेरी जेवण होतं. आम्ही सगळे रोह्याला गेलो. तिथे तिनंच टूम काढली की पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत साळावच्या बाजूला जाऊन डॉल्फिन बघून येऊ. मला जायचं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं, आणि कारण काय सांगणार होते मी?

स्पीडबोटीत नारिंगी जाकिटं चढवून आम्हाला कोंबलं. माझ्या एका बाजूला वैशाली, दुसऱ्या बाजूला नातवंडांबरोबर आलेली, बोलण्यावरून कासू गावाकडची वाटणारी एक म्हातारी बाई. खाडीच्या काठावर उन्हात जन्म गेलेला तिचा चेहरा होता आणि लुगड्यावरून घातलेल्या जाकिटाचं तिला भारी हसू येत होतं. कुंडलिकेच्या खाडीचं पाणी मागे पडलं, समुद्र लागला आणि बोट अशी उधळली की माझ्या तोंडातून देवाचं नाव बाहेर पडलं. कितीतरी दिवसांनी पडलं, तेही भीतीनं.

पुढे जाऊन बोटवाल्यानं इंजिन बारीक केलं. पहिला डॉल्फिन दिसला तो वैशालीला. अर्थात! "ताई, बघा, बघा" म्हणून ती ओरडली, मी वळेपर्यंत नुसतं पाणी. दुसराही तिलाच दिसला. तिसऱ्या वेळी तर बोटीतले सगळे उठून टाळ्या वाजवत होते आणि मला बोटवाल्याची पाठ तेवढी दिसली. मनात म्हटलं, देवा, कारखाना तिला दिलास, कौतुक तिला दिलंस, आता समुद्रातले मासेसुद्धा तिच्याच नावावर केलेस का? डोळे भरून आले. एवढी बाई मी, सुना येण्याच्या वयाची, आणि मासा दिसला नाही म्हणून रडत होते.

तेवढ्यात त्या म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. माझं नाव गाव तिला माहीत नव्हतं, बोटीत बसल्यापासून आम्ही दोन शब्द बोललो नव्हतो. ती हळूच म्हणाली, "कवापासून त्या पोरीकडंच बघतेस गो तू. दर्या तिकडं हाय."

मी चपापले. कोणी कानाखाली दिली असती तर एवढं लागलं नसतं. तिनं हातानंच माझा खांदा बाहेरच्या बाजूला वळवला. मी पाण्याकडे बघितलं. काही नव्हतं, नुसतं पाणी होतं, आणि मला बरं वाटलं. मग अगदी बोटीला लागून एक करडं डोकं वर आलं. सगळे पलीकडे बघत होते. तो डॉल्फिन थोडा कलला आणि त्याचा एक डोळा मला दिसला. बारीक, काळा, आणि त्यात उन्हाचा पांढरा ठिपका. तो माझ्याकडे बघत होता. कोणी काहीही म्हणो, मी आयुष्यभर डोळेच काढलेत, नजर कुठे लागली आहे ते मला कळतं.

तो गेला. मी वळले तर वैशाली माझ्याकडेच बघत होती. तिनं तो डॉल्फिन पाहिलाच नव्हता. "ताई, दिसला ना तुम्हाला?" तिनं विचारलं, आणि स्वतःला दिसल्यापेक्षा तिला जास्त आनंद झाला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दर वेळी ती आधी मलाच हाक मारत होती. ऊन तिच्या तोंडावर होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत ते एकाच बाजूला चमकत होतं.

"वैशाली," मी म्हटलं, "डोळ्यातला ठिपका दोन्हीकडे एकाच बाजूला टाकायचा. उजेड येतो त्या बाजूला. हे तुला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं."

मला वाटलं आता ती काहीतरी लागट बोलेल, आणि बोलली असती तर ते मी ऐकून घेतलं असतं. पण ती एवढंच म्हणाली की काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं, रात्र रात्र झोप नव्हती, पण मला विचारायची भीती वाटायची. मग तिनं माझा कापणारा हात मांडीवर ओढून घेतला आणि किनारा येईपर्यंत सोडला नाही. उतरताना म्हातारीला नमस्कार करायला वळले, तर ती जाकिटाच्या गाठीशी झटापट करत होती. मी गाठ सोडून दिली. तिनं माझ्याकडे लक्षही दिलं नाही, नातवंडांना हाका मारत निघून गेली.

सोमवारी वैशालीनं आखणी केली. ठिपक्याची वेळ आली तेव्हा तिनं कुंचला माझ्यापुढे धरला. सगळे बघत होते. मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण मी कुंचला घेतला नाही. दाराकडे बोट केलं, जिथून कारखान्यात उजेड येतो. तिनं श्वास रोखला, एक ठिपका टाकला, मग दुसरा.

माझा हात सुधारलेला नाही. सुधारू दे असं आता मी देवाला म्हणतही नाही. ते माझं काम नव्हे, त्याला काय करायचं ते तो करील. जे मागितलं होतं ते त्या दिवशी मिळालं. कच्च्या मूर्तींच्या रांगेमागे, भिंतीशी उभी होते मी. माझ्या हातचे नसलेले ते डोळे सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले. जोडल्यावर ते कापत होते की नाही, हे बघायचं राहूनच गेलं.