नव्या पॅडवर चिखलदरा

निघताना पहिला थांबा वाडीला घेतला. अमरावती रोडवरची ट्रकांची रांग तिथे कधी संपत नाही. त्या रांगेतून वाट काढत शेंडेभाऊंच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली आणि उतरण्याआधीच विचारलं, "भाऊ, या गाडीचे ब्रेकचे पॅड टिकतात तरी किती?"

गाडी माझ्या धाकट्या भावाची, प्रमोदची. दोन दारांची, लाल, सेकंडहँड स्पोर्ट्स कार. पन्नाशीत माणसं गुडघ्याला तेल चोळतात, आमच्या भाऊरायांनी ही घेतली.

"चालवणाऱ्यावर हाय, मॅडम," शेंडेभाऊ म्हणाले. "सिधी चालवली तं पंचवीस-तीस हजार किलोमीटर. शर्यतीवानी पळवली तं एका दिवसात बी खाऊन टाकते. यात तं महिन्याखालीच नवे टाकले मी. जा बिनधास्त."

"ऐकलंस?" मी प्रमोदला म्हटलं. "चालवणाऱ्यावर आहे."

हे विचारायला कारण होतं. त्याची बायको वैशाली या गाडीत कधी बसली नाही. "हिच्यापायी एकदा जरी जिवावर बेतलं, तर दुसऱ्या दिवशी विकायची," असं वचन तिने त्याच्याकडून घेतलं होतं. त्यात हा न्हाणीघरात घसरला आणि उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला. तीन आठवडे मीच त्याला याच गाडीतून ऑफिसला ने-आण करत होते. चिखलदऱ्याचं हॉटेल आधीच ठरलेलं होतं. वैशाली येणार नव्हती, तेव्हा मी म्हटलं, चल, मी नेते.

मी बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते आहे. आमच्या शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटपुढेही क्लच-ब्रेक असतात आणि माझे दोन्ही पाय दिवसभर त्यांच्यावर असतात. शिकणारा घाबरायच्या आत माझा पाय दाबला जातो. आजवर एकाही गाडीला ओरखडा नाही. हे मी सगळ्यांना सांगते, कोणी विचारलं नाही तरी. प्रमोदही माझ्याच हाताखाली शिकला.

कोंढाळीच्या पुढे मागचा ट्रक सारखा डिपर मारायला लागला. "लाल गाडी दिसली की यांना चेव येतो," मी म्हटलं. ओव्हरटेक करताना त्याच्या क्लीनरने मागे बोट दाखवून काहीतरी ओरडून सांगितलं. मी काच वर केली. पुढच्या टपरीवर तर्री (वर तरंगणारा लालभडक तिखट रस्सा) ओतलेले पोहे खाल्ले. कपाळाला घाम फुटला आणि राग उतरला.

परतवाडा सोडलं की सपाटी संपते. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, वाळकी पानं रस्त्यावर, आणि वळणामागून वळण. चढतानाच मला जळका वास आला.

"पळवून पळवून पॅडची वाट लावलीस तू," मी म्हटलं.

"नवे टाकल्यावर आठच दिवस तर चालवली मी, ताई."

"तुला आठ दिवस पुष्कळ झाले."

तो गप्प बसला. माझ्यापुढे तो नेहमीच गप्प बसतो, आणि मला ते आजवर चांगलंच वाटत आलं होतं.

चिखलदऱ्याला संध्याकाळी गाविलगडावर धुकं उतरलं. प्रमोद कुबड्या टेकवून बराच वेळ कठड्यापाशी उभा होता. गड सोडून तो खाली उभ्या असलेल्या त्याच्या गाडीकडेच बघत होता. या वयात माणूस एखाद्या वस्तूवर इतका जीव लावतो, याचं मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा. शेंडेभाऊंना फोन लावला.

"पॅड संपत आल्याची बत्ती हाय ते," ते म्हणाले. "पन असं कसं होऊन राहिलं? नवे होते ना. आता घाटात खालच्या गिअरमधी उतरवा, मॅडम. ब्रेक कमीत कमी लावा. थांबत थांबत या."

फोन ठेवून मी प्रमोदला म्हटलं, "काही होत नाही."

पहिली चार वळणं नीट गेली. पाचव्याला समोरून एसटी आली. मी ब्रेक दाबला, तर पेडल कणकेत पाय रुतावा तसं खाली गेलं आणि गाडी तशीच पुढे. डावीकडे दगडी कठडा, त्याच्यापलीकडे सागाचे नुसते शेंडे. प्रमोदने प्लास्टरचा पाय जमिनीवर दाबून धरला, जणू तिथे ब्रेक असावा. मी स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर एकदम दोन खाली टाकले. इंजिन किंचाळलं. एसटी हातभर अंतरावरून गेली. मी हँडब्रेक ओढून धरला आणि गाडी डोंगराच्या अंगाला, मुरमात नेऊन घातली. थांबली.

मागची प्रवासी जीप थांबली. तिचा ड्रायव्हर उतरून चाकांतून निघणारा धूर बघत म्हणाला, "काहून मॅडम, तुमची मागची लाल बत्ती तं वरपासून जळूनच राहिली. बुझतच नाही."

"बल्ब गेला असेल," मी म्हटलं. बल्ब गेला तर दिवा लागत नाही, हे मी रोज पोरांना शिकवते.

तासाभराने चाकं निवली. तो भला माणूस जीप पुढे ठेवून आम्हाला पायी चालण्याच्या वेगाने खाली घेऊन आला. परतवाड्यात तसले पॅड मिळाले नाहीत. खालच्या गिअरमध्ये हळूहळू अमरावती गाठली; तिथेही पॅड नव्हते. मग प्रमोद म्हणाला, "विकून टाकू, ताई. वैशालीला शब्द दिला आहे." आणि त्याने डॅशबोर्डवरची धूळ रुमालाने पुसली. मला त्याच्यावरच राग येत होता. मी म्हटलं, "बरं होईल."

वाडीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेंडेभाऊंनी चाकं काढली. डिस्क तापून निळ्या पडलेल्या, पॅड नखाएवढे उरलेले.

"कोनं चालवली अशी?" त्यांनी विचारलं.

"मीच," प्रमोद म्हणाला. "पाय मोडायच्या आधी."

शेंडेभाऊंनी त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं. दुसरे पॅड घालून म्हणाले, "मॅडम, अंगनात एक फेरी मारा, धीरे धीरे."

मी निघाले. मागे गोदामाचं पांढरं शटर होतं. आरशात पाहिलं तर शटर लाल दिसत होतं. गाडी पुढे जात होती, वेग वाढत होता, आणि शटर लालच. मी खाली पाहिलं. या गाडीला क्लच नाही, दोनच पेडल, आणि ब्रेकचं चांगलं रुंद. त्याच्यावर माझा डावा पाय टेकलेला होता. बावीस वर्षं कधी जमिनीवर न टेकलेला. मी तो उचलला. शटर पांढरं झालं.

शेजारी बसलेला प्रमोदही माझ्या पायाकडेच बघत होता. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पाय तिथे असतो, ते दिसत होतं," तो म्हणाला. "त्याने पॅड जातील, असं नव्हतं वाटलं. सकाळी तो जीपवाला बोलला, तेव्हा समजलं."

म्हणजे अमरावतीच्या आधीच त्याला समजलं होतं, आणि तरी तो गाडी विकायला निघाला होता. घरापर्यंत मी डावा पाय सीटखाली ओढून धरला, पोटरीत गोळा आला तरी.

वैशाली फाटकात उभी होती. प्रमोदने खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. ती घ्यायच्या आत मी बोलले. एसटी, कठडा, सगळं सांगितलं. "गाडीचा दोष नाही, वैशाली. याचाही नाही. जिवावर बेतलं ते माझ्यामुळे. पॅड मी संपवले, ब्रेकवर पाय ठेवून."

तिने आधी प्रमोदला नखशिखान्त पाहिलं. मग किल्ली त्याच्या खिशात परत घातली.

"रोज सकाळी मी गॅलरीतून बघायची, ताई," ती म्हणाली. "तुम्ही यांना घेऊन निघालात की गाडीचा लाल दिवा गल्लीच्या टोकापर्यंत लागलेलाच असायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला?" ती म्हणाली.