मामाचं रक्त, माझं रक्त

मामा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि मी जन्मले त्या दिवसापासून माझा ठरलेला नवरा. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांनी ही चाल इथल्या तमिळ लोकांकडून घेतली. मुलगी घरातच राहते, सासू म्हणजे आजीच. माझी काही तक्रार नव्हती. मोपेडवरून तो मला तिरुवैयारूला गाण्याच्या शिकवणीला न्यायचा, मी मागे त्याचा शर्ट धरून बसायचे. खरं सांगते, मला तो फार आवडायचा.

पण मी प्राणिशास्त्र शिकले होते, आणि अर्धवट शहाणपण स्वस्थ बसू देत नाही. मावशीचं लग्नही तिच्या मामाशीच झालेलं. तिच्या मुलाला महिन्याच्या महिन्याला रक्त चढवावं लागायचं. पाचव्या वर्षी तो गेला. घरात त्याला दृष्ट म्हणत. मी म्हटलं, दृष्ट कसली, थॅलेसेमिया तो, आईबापांकडून आलेला रक्ताचा दोष. लग्नाआधी आपण डीएनए तपासून घेऊ. मामा म्हणाला, "तुला हौस ना? चल."

डॉक्टरांनी दोघांचं रक्त पुण्याच्या लॅबला धाडलं. आठवड्याने मी रिपोर्ट विचारायला दवाखान्यात गेले, तेव्हाच तिथल्या बाईंचा फोन आला, डॉक्टरांनी तो माझ्याच हातात दिला.

"फॉर्ममध्ये चूक झालीय. नातं 'मामा' लिहिलंय, आणि तपासणीचं कारण 'लग्न'."

"बरोबरच आहे की."

"अहो, सख्ख्या मामाशी?"

"मग काय परक्याशी करू?"

रिपोर्ट आला. दोष दोघांतही होता. आम्हाला त्याचा त्रास नाही, पण प्रत्येक मुलामागे चारांत एक धोका. आई म्हणाली, "तीन तर धड होतील!"

मावशी एरवी बोलायची नाही. ती म्हणाली, "चौथा माझा होता."

लग्न मोडलं. तपासायला लावणारी मीच, मग रडायचं तरी कुणाच्या नावाने?

पुढच्या वर्षी कुंभकोणमचं स्थळ आलं. मुलाचं रक्त मी आधी तपासून घेतलं. निर्दोष निघालं मेलं.

इथल्या लग्नात हार घालायच्या वेळी नवरीला तिचा मामा खांद्यावर उचलून घेतो. मला मामा एकच. त्याने उचललं. समोर नवराही त्याच्या मामाच्या खांद्यावर, सगळा मांडव हसतोय. माझा हात काही पुढे जाईना.

"घाल गं," खालून मामा म्हणाला, "खांदा दुखतोय."

मी घातला.