गळ्यातलं कार्ड

आधीच सांगते, माझं लिहिणं चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. चौथीनंतर पेन हातात आला तो फक्त सहीपुरता. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण उद्या कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला आणि मजकूर तेवढा वाचा.

"पैसा कहीं भागा जा रहा है क्या?" असं भाभी म्हणायची. म्हणताना अंगठा जिभेवर ओला करायची, हातात नोटा नसल्या तरी. भाजीवाला असो, इस्त्रीवाला असो, मी असो, ज्याचं देणं आहे त्याला हे वाक्य मिळायचं. आम्ही सगळे तिला भाभीच म्हणायचो. तिच्या नवऱ्याची गोंदियात धानाची मिल आहे. मी दवनीवाड्याहून रोज सकाळच्या गाडीने तिच्या घरी कामाला जायचे. भांडी, फरशी, आणि सेठच्या म्हाताऱ्या आईचं सगळं. ती मला नावाने कधी बोलावत नसे. "ए दवनीवाडा!" अशी हाक यायची, जणू अख्खं गावच तिच्या घरी भांडी घासत होतं.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. सुपारी चघळून तुळशीच्या कुंडीत थुंकणारी. उरलेली भाजी फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवायची, वास यायला लागला की मला द्यायची, आणि वर म्हणायची, "पोरीले दे, तिले आवडते." माझ्या पोरीला तिने पाहिलंही नव्हतं. मला तिची किळस यायची, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

माजीला, म्हणजे सेठच्या आईला, मरायच्या आधी समुद्र पाहायचा होता. तिचे पाय गेलेले, चाकाच्या खुर्चीवर असायची. सेठने मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटं काढली. गोवा, मग बेटं, मग परत. धानाची खरेदी सुरू होती, सेठला मिल सोडून जाता येईना. मग भाभी, माजी आणि खुर्ची ढकलायला मी.

आमच्या गल्लीत ही बातमी कशी पसरली विचारू नका. मी कुणाशी फार बोलत नाही, तरी त्या आठवड्यात अंगणात बायकांचा बाजार भरला. शेजारची शांताबाई सगळ्यांत पुढे. "माह्यासाठी पूजेचा शंख आणजो व. वाजणारा. मंडईतला नको, त्यो खोटा राह्यते." मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. कुणाला मोत्यांची माळ हवी, कुणाला कवड्या. प्रत्येकीने पैसे दिले. कुणी दोनशे, कुणी शंभर, एकीने कोंबडी विकून दिले. बायकांचे दोन हजार झाले. माझे दीड हजार वेगळे, मुलीला काही घ्यावं म्हणून. सगळे रुमालात बांधून मी पोलक्यात ठेवले. बाईने बाईजवळ पैसे दिले की ते देवाजवळ दिल्यासारखे असतात आमच्याकडे. कुणी लिहून घेत नाही, कुणी विसरतही नाही.

जहाज म्हणजे काय सांगू. आमच्या मिलची चिमणी आडवी केली तरी त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. चढताना प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं, माझ्याही. त्यावर माझा फोटो होता, डोळे मिटलेले. तिथली पोरगी हसून म्हणाली, इथे नोटा चालत नाहीत. चहा, पाणी, दुकान, सगळं या कार्डावर. काउंटरवर नोटा द्या, त्या कार्डात भरून मिळतील, उरल्या तर शेवटच्या दिवशी परत.

भाभीचं कार्ड सेठने घरूनच भरलं होतं. पण तिने काही घेतलं की सेठच्या फोनवर मेसेज जायचा. पहिल्या संध्याकाळी तिने कॉफी घेतली. घोट गिळायच्या आत फोन वाजला. सेठचा आवाज खुर्चीमागे मलाही ऐकू आला. "तीनसौ की कॉफी? सोना घोलके दिया क्या? माँ ने पी क्या तूने पी?"

"माजीले पाहिजे होती," भाभी म्हणाली. माजी शेजारीच होती, तिने कॉफीला हातही लावला नव्हता. म्हातारी ऐकून न ऐकल्यासारखी पाण्याकडे पाहत राहिली.

त्यानंतर भाभीने कार्ड बाहेर काढलं नाही. मात्र जेवण तिकिटातच होतं, आणि तिथे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. ती ताट भरायची, त्यावर दुसरं ताट, तिसऱ्यात केक. अर्धं खायची, अर्धं उष्टं टाकायची. "घे ना, फुकट आहे," मला म्हणायची. जहाज हललं की तिला ओकारी यायची. ओकून तोंड धुऊन पुन्हा रांगेत. पर्समध्ये कागदात गुंडाळून केक भरायची, तो दोन दिवसांनी आंबला आणि खोलीभर वास सुटला. ती पर्स मी पुसली. तीन वेळा हात धुतले तरी वास जाईना.

दुसऱ्या दिवशी ती मला काउंटरजवळ घेऊन गेली. "तुह्याजवळ नगद आहे ना? काऊन पोलक्यात दाबून ठेवलीस? इथं कोणी नोट घेत नाही. कार्डात भरून घे, सेफ राहीन."

"भाभी, बायकायचे पैसे आहेत. गोव्याले शंख घ्याचे आहेत."

"गोव्यातही हेच कार्ड चालते. तुले काय माहीत?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. मी रुमाल सोडला. पोरीने नोटा मोजल्या, कार्ड कशाला तरी टेकवलं, झालं. तीन हजार पाचशे रुपये माझ्या मिटलेल्या डोळ्यांच्या फोटोत जाऊन बसले. दाराबाहेर येताच भाभीने हात पुढे केला. "आण, मी सांभाळते. तू हरवशीन."

मी कार्ड दिलं. नाही म्हणायला मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि तिच्यासमोर तर नाहीच.

गोव्याला उतरलो. किनाऱ्यावर ओळीने टपऱ्या. शंख होते, चांगले, वाजणारे. मी भाभीकडून कार्ड मागून घेतलं आणि टपरीवाल्यापुढे धरलं. त्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसला. "मावशी, हे जहाजातच चालतं. इथे नोट द्या, नाहीतर मोबाइलवर टाका." माझ्या साध्या मोबाइलवर फोन तेवढा येतो. भाभी माजीच्या खुर्चीमागे उभी राहून नारळपाणी पीत होती, माजीच्या बटव्यातल्या पैशांचं. मी तिच्याकडे पाहिलं.

"अरे, जहाजात घेऊ ना," ती म्हणाली. "पैसा कहीं भागा जा रहा है क्या?" आणि कार्ड परत घेऊन स्वतःच्या गळ्यात घातलं.

त्या संध्याकाळी माजीला निजवून मी भाभीला शोधत गेले. एका मोठ्या खोलीत यंत्रं होती, दिव्यांची, घंटा वाजणारी. कार्ड देऊन बिल्ले घ्यायचे, बिल्ले यंत्रात टाकायचे, बटण दाबायचं. भाभी तिथे बसली होती. माझं कार्ड तिच्या छातीवर लोंबत होतं. ती हसत होती. घरात तिचं असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. मंडईत पहिल्यांदा पाळण्यात बसलेली पोर हसते ना, तसं. मी दारात उभी राहिले. मला आत जाऊन तिचा हात धरायचा होता. पण मी दारातच राहिले. मग बिल्ले संपले आणि तिचं तोंड पुन्हा नेहमीसारखं झालं.

"माझे पैसे, भाभी," मी एवढंच म्हणाले.

ती बाहेर कठड्याजवळ आली. मग म्हणाली, "माह्या कार्डावर खेळली असती तं त्यायले मेसेज गेला असता. तुले सांगू दवनीवाडा, लग्न झाल्यापासून एक रुपया माह्या हाती बिनहिशेबाचा पडला नाही. कोथिंबीर घेतली तरी विचारतात, किती काड्या होत्या."

मला तिची कीव आली. खोटं कशाला लिहू, आली. पण लगेच शांताबाईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि कीव नासली. तिला बिनहिशेबाचा पैसा हवा होता, तर तो कोंबडी विकलेल्या बाईचा का?

"गोंदियाले गेल्यावर देते," भाभी म्हणाली. "पूरे के पूरे."

बेटावर मी वाळूतून शंखशिंपले वेचले, फुकटचे. माजी खुर्चीतून दाखवायची, तो बघ, तो बघ. पदरभर झाले. परतीच्या गाडीत कळलं की काहींच्या आत जीव होते. ते मेले. नागपूर येईपर्यंत डब्यातले लोक नाकाला रुमाल लावून बसले होते आणि भाभी दुसऱ्यांच्या बरोबरीने म्हणत होती, "छी, किसका सामान है ये?"

ते शिंपले मी उकळले, वाळवले, बायकांना वाटले. शांताबाईने एक उचलून कानाला लावला, मग नाकाला. "हे तं वाळूतलं आहे. पैशाचं कुठी आहे?"

"देतील," मी म्हणाले.

"कोण देतील? पैसे तं तुह्याजवळ दिलते." ती वाईट बाई नाही. पण गल्ली ती गल्ली. "जहाजात बसून आली अन् आमचे पैसे समुद्रात टाकून आली," असं पाण्याच्या नळावर ऐकू यायला लागलं. मी घागर घेऊन आले की बोलणं थांबायचं. पुढच्या महिन्यात भिशी सुरू झाली, त्यात मला कुणी विचारलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, तू खाल्ले का व पैसे?" ते सगळ्यांत वाईट.

मी भाभीला मागत होते. ती अंगठा ओला करायची आणि तेच वाक्य. उन्हाळी धान लागलं तरी तेच.

शेवटी एका दुपारी तिने मला बोलावलं. हातात नोटा होत्या. "घे. साडेतीन हजार. मोजून घे."

माझा हात पुढे गेला.

"मुनीमजीले सांगितलं, तुह्या नावानं उचल म्हणून लिहा. महिन्याचे पाचशे कापतीन. तुले जड नाही जाणार."

हात तिथेच थांबला. तुम्हाला कळलं ना? माझे पैसे मलाच उचल म्हणून द्यायचे, आणि माझ्याच पगारातून फेडून घ्यायचे. उचल हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा आहे. माझा सासरा त्याच मिलमध्ये हमाल होता. उचल घेतली की काम सोडता येत नाही, सेठ म्हणेल तेव्हा यायचं, म्हणेल तेवढी पोती उचलायची. भाभीला हे माहीत होतं. मिलवाल्याची बायको ती. आणि तरी ती माझ्यावर उपकार केल्यासारखी उभी होती, ओठाच्या कडेला सुपारीचा तुकडा.

"उचल नको," मी म्हणाले.

"मग कुठून देऊ? त्यायले काय सांगू?"

"जे झालं ते सांगा. नाही तं मी सांगीन."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं यावर माझाच विश्वास बसला नाही. नोटा तिच्याच हातात ठेवून मी घरी आले. शांताबाई अंगणात होती. "मिळाले का?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या दिवशी रिकाम्या हाताने गल्लीतून चालणं मला जड गेलं नाही, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी सेठ जेवायला बसला. मी पोळ्या वाढत होते. माजी खुर्चीत होती. भाभी दाराला धरून उभी राहिली आणि एका दमात बोलून गेली. जहाज, यंत्रं, माझं कार्ड, उचल. इतक्या वर्षांत ती ज्या माणसाला भीत होती तो आता काय करील, म्हणून मीही भिंतीला टेकले.

सेठ हसायला लागला. घास तोंडात, रस्सा हनुवटीवर, आणि हसतोय. "जुआ? तू? अन् हारली पण? ए माँ, सुना क्या?" त्याने खिशातून नोटा काढल्या आणि ताटाशेजारी टाकल्या. "दे दे उसको. इतके तर मी एका पत्त्यावर लावतो. चिल्लर के लिए उचल लिखवाती है!"

भाभी हसली नाही. रडलीही नाही. जिला कोथिंबिरीच्या काड्या मोजून दाखवाव्या लागत होत्या तिला आता कळलं होतं की तिचा नवरा एका पत्त्यावर किती लावतो. तिने रश्शाच्या डागातून नोटा उचलल्या, पदराने पुसल्या, आणि माझ्या हातावर ठेवल्या. माझं नाव घेऊन म्हणाली, "रत्ना, मोजून घे." नाव तिला माहीत होतं तर.

मी तिच्यासमोर मोजल्या. पूर्ण होत्या. मुनीमजीच्या वहीतली उचल सेठने तिथूनच फोन करून खोडायला लावली. संध्याकाळी निघताना भाभी फाटकापर्यंत आली. "उद्या येशीन ना?" असं तिने हळूच विचारलं. मी गेले नाही, पुन्हा कधीच. माजीसाठी जीव तुटला. पण त्या घराच्या वासाला मला परत जायचं नव्हतं, आणि कुठली घाण कुणाची ते तिथे आता वेगळं करता येत नव्हतं.

गल्लीत आले तेव्हा बायका अंगणात गहू निवडत होत्या. मी एकेकीच्या हातावर तिचे ठेवत गेले. कोंबडीवालीचे आधी. शांताबाईने दोनशेची नोट उजेडात धरून पाहिली, पिवळा डाग दिसला तिला.

"काय लागलं व याले?"

"रस्सा."

"कोणाचा?"

"मोठ्या लोकायचा," मी म्हणाले. तिने नोट पदराला पुसली, कंबरेला खोचली आणि सुपातले गहू सरकवून मला बसायला जागा केली. बायकांचे दोन हजार फिटले. उरलेले दीड हजार मी मुलीच्या हातात दिले आणि तिला मोजायला सांगितले.