जंकमामांची सकाळची फेरी

सकाळी साडेनऊला मामा टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि एकच विचारायचे, "ताई, जंक बघितलं का?" चहा नाही, रामराम नाही. सुरुवातीला मला असा संताप यायचा! वाळूजच्या त्या कारखान्यात मी खरेदी विभागात होते, डोक्यावर ढीगभर कामं, आणि हे आवक-जावकवाले मामा म्हणे मला मेलमधला कचऱ्याचा कप्पा उपसायला सांगणार.

मामांनी तीस वर्षं कारखान्याचं टपाल सांभाळलं होतं. पत्र आलं की रजिस्टरात नोंद, पाकिटावर लाल शाईत 'अत्यंत तातडीचे', आणि लगेच ज्याचं त्याच्या हातात. पुढे सगळं मेलवर गेलं आणि रजिस्टर कपाटात. मामांना कुणी घरी जा म्हणालं नाही, पण काम म्हणून कुणी काही दिलंही नाही. मग त्यांनी ही फेरी स्वतःच लावून घेतली, आणि आम्ही त्यांचं नाव जंकमामा ठेवलं.

एकदा एका ग्राहकाचं सुधारित ड्रॉइंग यायचं होतं. ते काही आलं नाही, म्हणून मी जुन्याच मापाचा माल मागवायला निघाले. मामा म्हणाले, "ऑर्डर सोडायच्या आधी बघा की एकदा. तुमचं काय जातंय?" चडफडत जंक उघडलं, तर ड्रॉइंग तिथंच, चार दिवस पडून! नोकरीच वाचली म्हणायची. त्या दिवसापासून माझं तोंड बंद.

चांगला मेल कचऱ्यात जातोच कसा, हे मामांनी कॉम्प्युटरवाल्याला समोर बसवून विचारून घेतलं होतं. पत्ता नवा असला, एकदम ढीगभर लोकांना पाठवला, विषयात उद्गारचिन्हांची माळ लावली, की यंत्राला संशय येतो. मामा आम्हाला त्यांच्या भाषेत सांगायचे, "गेटवरच्या वॉचमनवानी हाय ते. नवा चेहरा दिसला की अडवतंय. साहेबाचा मेव्हणा असला तरी बाजूला बसवतंय. म्हणून बाहेर कोण बसलंय ते आपणच जाऊन बघायचं. महिनाभर वाट बघतंय ते पत्र, मग आपसूक पुसलं जातंय."

आणि एवढं शहाणपण असून या माणसानं स्वतः काय करावं? रिटायर होताना अख्ख्या ऑफिसला पडेगावच्या घरी जेवायला बोलावलं. आमंत्रणाचा मेल स्वतःच्या मोबाइलवरच्या नव्या पत्त्यावरून, ऐंशी जणांना एकदम, सगळा मजकूर लाल अक्षरांत, विषय 'अत्यंत तातडीचे!!!' दुसऱ्या दिवशी फेरीला निघाले, तर ज्याच्या त्याच्या जंकमध्ये यांचंच आमंत्रण! माझ्या टेबलाशी येऊन मटकन खुर्चीत बसले. "ताई, लाल शाई काय सुटत नाय बघा." आम्ही पोट धरून हसलो आणि झाडून सगळे जेवायला गेलो. मामींची ती येसर आमटी अजून जिभेवर आहे.

पुढे मामी गेल्या आणि मामा पैठणला लेकीकडे राहायला गेले. फेरी तर कधीच थांबली होती. मी महिना-दोन महिने जंक बघितलं, मग राहूनच गेलं. मामांना फोन करायचंही रोज मनात यायचं. उद्या करू, उद्या करू.

एके दिवशी दुपारी लेकीचाच फोन आला. "ताई, बाबा गेले." मग म्हणाली, "दोन महिन्यांखाली तुम्हाला मेल केला होता त्यांनी, एकदा भेटून जा म्हणून. लई वाट बघितली. मी म्हणायचे, बाबा, फोन लावून देते. तर नाय म्हणायचे. 'ताई कामात असतेत, तगादा नको. अन् ताई रोज जंक बघतेत. मीच सवय लावलीय.'"

फोन ठेवून मी जंक उघडलं. कर्जाच्या जाहिराती, लॉटऱ्या, फुकटच्या सहली. खाली खाली जात राहिले. बरोबर महिन्यापूर्वीच्या तारखेला यादी संपली.

मामांनी आणखी काय लिहिलं होतं, लाल अक्षरांत की साध्या, ते आता मला कधीच कळायचं नाही. रोज साडेनऊला मी जंक उघडते. ऑफिसातल्या नव्या मुली हसतात, हसू देत. कुणाचं ना कुणाचं खरं पत्र तिथं असतंच, ते बाहेर काढते. मग मान वर करून टेबलाच्या त्या बाजूला बघते. तिथं कुणी विचारायला उभं नसतं.